दोन जावा आणि तिसरा बिंदू

रेषा सरळ का आली नाही याची जितकी कारणं कोयना भागातल्या पोरांकडे असतात, तितकी दुसऱ्या कुठल्या पोरांकडे नसतील. एकदा सहामाहीच्या पेपरात एका मुलाच्या आलेखाला मधेच टेंगूळ आलं होतं. मी त्याला उभा केला तर म्हणाला, "बाई, रेघ मारताना हादरा बसला." पेपर चालू असताना खरंच जमीन हलली होती. तिथली माणसं बारीक धक्का बसला की मांडणीवरची भांडी पडली का बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. माझ्यासारखी सांगलीकडची बाई तेवढी टेबल घट्ट धरून बसते. मी त्याला पूर्ण गुण देऊन टाकले. मग काय, पुढं वर्षभर ज्याची रेघ वाकडी त्याच्या वहीत भूकंप.

मी माधवनगरची. वडील गिरणीत मागावर होते. कापडात एखादा धागा तिरका गेला की त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत. तो काटेकोरपणा मी उचलला आणि गणिताची मास्तरीण झाले. आधी फलटणला, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं कोयनानगरच्या पुढं, घाटातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये. आता निवृत्त होऊन माधवनगरला परत आले आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं की तुम्ही काय शिकवायचात, तर मी मुद्दाम "रेषीय समीकरणं आणि त्यांचे आलेख" असं पूर्ण नाव सांगते. समोरच्याला लगेच कुणीतरी ओळखीचं दिसतं आणि तो तिकडं निघून जातो.

खरं तर प्रकार अगदी साधा आहे. टाकीत आधीच थोडं पाणी आहे आणि वरून नळ सोडलाय. दर मिनिटाला सारखंच पाणी पडतंय. मग कुठल्या मिनिटाला किती पाणी असेल ते सांगता येतं. आधीचं पाणी ही सुरुवात आणि दर मिनिटाची भर हा चढ. एवढं कळलं की समीकरण लिहिता येतं, आणि ते चौकटीच्या कागदावर मांडलं की सरळ रेघ येते. पोरं घाबरतात ती गणिताला नव्हे, कागदावरच्या त्या हजार चौकटींना.

माझी एकच अट असायची. रेषा काढायला तीन बिंदू. पोरं कुरकुरायची, "बाई, दोन बिंदूंत रेघ येती की." मी म्हणायची, "येते. खोटी असली तरी येते." दोन बिंदू चुकीचे घेतले तरी पट्टी लावली की रेघ सरळच निघणार, ती बिचारी तक्रार करत नाही. तिसरा बिंदू घेतला आणि तो रेघेवर बसला नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. या हट्टापायी शाळेत माझं नावच 'तिसरा बिंदू' पडलं होतं. व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की आतून आवाज यायचा, "गप बसा रं, तिसरा बिंदू आला." मला ते बाईपेक्षा बरं वाटायचं.

दुसरी अडचण म्हणजे शून्याच्या डावीकडची बाजू. उण्या संख्या. पोरं तिकडं जायलाच तयार नसत. उणे आठ वर्षं म्हणजे काय, असं विचारायची, आणि फलटणला मला त्याचं धड उत्तर देता येत नसे. कोयनेला मात्र उत्तर घरोघरी होतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपापासून चालतं. "भूकंपाच्या आदी दोन वरसं आमी बैल घेतला." "थोरल्याचं बारसं भूकंपानंतर तिसऱ्या साली." शून्य कुठं धरायचं हे त्या खोऱ्यानं आधीच ठरवलेलं होतं, मी फक्त ते फळ्यावर नेलं. आडव्या अक्षावर वर्षं, मधोमध भूकंप, उजवीकडं नंतरची, डावीकडं आधीची. उभ्या अक्षावर माणसाचं वय. वय दर वर्षाला एकानंच वाढतं, मग ते मंत्र्याचं असो की म्हशीचं. म्हणजे चढ सगळ्यांचा सारखा आणि फरक फक्त भूकंपाच्या दिवशी कोण किती वर्षांचं होतं एवढाच. पोरं एकदम शहाणी झाली. उणे आठ म्हणजे भूकंपाच्या आधी आठ वर्षं, त्यात काय अवघड?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी दहावीला गृहपाठ दिला की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची वयाची रेषा काढून आणा. आधार कार्ड बघायचं नाही. तिथं निम्मं गाव एक जानेवारीला जन्मलेलं असतं, आणि शाळेच्या दाखल्यात एक जूनला. माणसाला विचारायचं आणि माणूस सांगेल त्यावरून बिंदू घ्यायचा, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सानिका आणि ऋतुजा या एकाच आडनावाच्या दोघी कागद घेऊन आल्या. सानिकानं आपल्या आजीची, हौसाक्कांची रेषा काढली होती. भूकंपाच्या आधी दहा वर्षं लग्न झालं तेव्हा चौदाच्या. म्हणजे भूकंपाच्या वेळी चोवीस, आणि y = x + 24. ऋतुजानं तिच्या आजीची काढली होती. तानूबाईंची. भूकंपाच्या आधी आठ वर्षं लग्न होऊन आल्या तेव्हा सोळाच्या. म्हणजे भूकंपाच्या वेळी चोवीस, आणि y = x + 24. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ बसली. एकरूप रेषा शिकवायला याहून झकास उदाहरण मला नोकरीत मिळालं नव्हतं. मी दोघींना शाबासकी दिली आणि खुशीत घरी गेले. त्या दोन म्हाताऱ्या सख्ख्या जावा आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना हौसाक्कांचे चिरंजीव अंकुशराव फाटकाशी येऊन उभे राहिले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अजूनही चालताना हात लांबवर फेकणारे. "बाई, एक इमर्जन्सी हाय," म्हणाले. "तुमच्या रेघेनं आमच्या घरात आग लावली."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. आईला एक्क्याऐंशी झाली म्हणून सुभेदारांनी सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरवला होता. माणसानं हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून त्याला ओवाळायचं, असा तो सोहळा. तानूबाईंचा नातू फौजेत, त्याच्या सुट्टीशी तारीख जुळवलेली. मांडववाला, आचारी, सगळं ठरलेलं. हौसाक्कांना पाटावर बसवायचं आणि धाकटी जाऊ म्हणून तानूबाईंनाही शेजारी शाल द्यायची, असा बेत होता. तेवढ्यात नाती आलेख घेऊन घरी गेल्या आणि त्यांनी जाहीर केलं की दोघी आज्ज्या एकाच वयाच्या. सुभेदार खूश झाले, दोघींनाही सारखंच ओवाळू म्हणाले. पण हौसाक्का भडकल्या, "माझ्या बरूबरीची? मी थोरली हाय." आणि तानूबाईंनी जाहीर केलं की त्या कार्यक्रमाला बसणार नाहीत. शाल नको, ओवाळणं नको, जेवायलाही यायची नाही.

"का पण?" मी विचारलं.

"ती म्हनती, मी हिच्यापेक्षा तीन वरसांनी मोठी हाय. जलमभर तेच म्हनती. आता तुमी कागदावर बरूबर केल्या, मग ती पेटली."

तानूबाई मागच्या अंगणात सुपात नाचणी पाखडत बसल्या होत्या. बारक्या, ताठ, बोलताना सूप न थांबवणाऱ्या. मी जवळ बसले. त्या म्हणाल्या, "बाई, माझं लगीन लांबलं हुतं. सोयरिकीला लोक यायचं आन वय इचारून परत जायचं. मग बानं तीन वरसं चोरली. सोळाची हाय म्हनून सांगितलं. मी एकुणीसची हुते." सूप तसंच हलत होतं. "नवरा धाकटा, म्हनून मी धाकटी. ते रीतीनंच हाय, मला कबूल हाय. सण आला, सूद आली, का मी वाकायचं आन आक्कानं आशीर्वाद द्यायचा. उभा जलम वाकले. मला शाल नगं, काय नगं. मरायच्या आदी येकदा तिनं मला मोठी म्हनावं, येकदा वाकावं. बास."

एवढं सरळ मागणं मी शाळेतही फारसं ऐकलं नव्हतं. मी दोन्ही कागद ओसरीवर पसरले. नाती शेजारी येऊन बसल्या. हौसाक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. उंच, रुंद हाडाची बाई, पदर नीट खोचलेला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

मी वर्गात सांगते तसंच सांगायला लागले. "ऋतुजा, तू या रेघेसाठी किती बिंदू घेतलेस?"

"तीन, बाई. लगीन, भूकंप आन आजचं वय."

"भूकंपाच्या वेळचं वय तुला कुणी सांगितलं?"

"घरात सगळी म्हणतात लग्नात सोळाची होती, त्याच्यात आठ मिळवलं."

"आणि आजचं?"

"त्याच्यातच सत्तावन्न मिळवलं."

"मग साक्षीदार किती झाले? एकच. लग्नातलं सोळा. तेच जर खोटं असेल तर बाकीचे दोन त्याच्याच पोटचे. रेघ सरळ आली, पण खरी आहे का कसं कळणार?" मी तानूबाईंकडं वळले. "लग्नाच्या आधी तुम्हाला कुणी बघितलं होतं, असं एखादं माणूस पाहिजे. तेव्हाचं काहीतरी."

तानूबाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "कुठलं माणूस आणू? माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. आई-बा गेलं. भावकी कुठं कुठं लांब जाऊन राहिली. माझ्या लानपणातलं आता काय उरलंय? त्यो चाव्याचा किस्सा तेवढा."

दोन्ही नाती खुदकन हसल्या. तो किस्सा घरात शंभरदा झालेला असणार. ऋतुजा म्हणाली, "आजी, सांग की बाईंना."

तानूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "वढ्यापल्याडच्या देवीची जत्रा हुती. वढ्याला पाणी आल्तं आन अल्याड एक बारकी पोरगी गळा काढून रडत हुती. तिची आय तान्ह्या पोराला घेऊन आदीच पल्याड गेल्ती. मी तिला उचलली, कडंवर घेतली आन वढ्यात घातलं पाय. मधी गेल्यावर त्या भवानीनं माझ्या खांद्याला असा चावा घेतला, का काय इचारू नगा. मला लय राग आला. मी बी तिला चावले असते, पर माझे म्होरचे दोनी दात पडल्यालं. कशानं चावू?"

आम्ही सगळे हसलो. सुभेदार मांडीवर हात मारून हसले. हौसाक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या. आत भांडं सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता आपण इथून निघालेलं बरं. मी कागदांची गुंडाळी करायला घेतली.

हौसाक्का बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "बाई, बसा. त्या कागदाच्या डाव्या अंगाला अजून जागा हाय का?"

"किती मागं जायचंय?" मी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ जल्मला त्या सालापतूर." त्या खाली बसल्या, अगदी तानूबाईंच्या समोर. "आमी देवीला त्याचा नवस फेडाय गेल्तो. माझ्यात आन त्याच्यात चार वरसांचं अंतर. आईनं त्याला पल्याड न्हेलं आन मला म्हनली, हितंच ऱ्हा, येते. मी भ्याले. मग एक पोरगी आली. हसली तर तोंडात खिंड." त्यांनी जावेकडं बघितलं. "ती चावरी पोरगी मी हाय, तानू."

तानूबाईंचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

"तू लगीन हून आलीस, पयल्या दिवाळीला जात्यावर बसून ह्यो किस्सा सांगितलास. मला तवाच कळलं," हौसाक्का म्हणाल्या.

"आन तवापसनं तुमी गप?"

"थोरली हुते न्हवं. सासूबाई गेल्यावर घर माझ्यावर आलं. मी सोळाची, तू मोठी. तू मोठी हाईस म्हनले असते तर मला आक्का कोण म्हनलं असतं? माझं कोण ऐकलं असतं? मग सवय झाली. मानाची बी सवय लागती बाई." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडं बघून बोलल्या, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. कुणी उलटतपासणी घेतली नव्हती. स्वतःच्या मोठेपणाविरुद्धची साक्ष त्यांनी स्वतःच उठून दिली होती.

माझ्यातली मास्तरीण मात्र गप्प बसेना. कागदाला डावीकडं जागा नव्हती. सानिकानं दप्तरातून आलेखाचा नवा कागद काढला, तो उष्ट्या भाताच्या शितांनी जुन्याला चिकटवला, आणि अक्ष पुढं वाढवला. हौसाक्का चार वर्षांच्या, म्हणजे त्यांच्या रेघेवरून भूकंपाच्या आधी वीस वर्षं. उणे वीस.

"आणि कडेवर घेणारी किती वर्षांची?" मी विचारलं.

ऋतुजा म्हणाली, "वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले म्हणजे साताची, बाई. आमच्या बारक्याचे दुसरीत पडले."

"दातात एखादं वर्ष इकडंतिकडं होऊ शकतं," मी म्हटलं.

"साहाची धरली तरी मोठीच की," सानिका म्हणाली. स्वतःच्या आजीविरुद्ध बोलतेय हे तिच्या गावीही नव्हतं. आलेख नीट शिकला की माणूस असा होतो.

आम्ही सात धरून उणे वीसवर बिंदू मांडला आणि तिथून रेघ वर चढवत नेली. सगळ्यांच्या वयाची चढते तशीच, वर्षाला एक घर. लग्नाच्या साली ती एकोणीसवर पोचली. तानूबाईंच्या बापानं तीन वर्षं चोरली होती ती बरोब्बर तिथं सापडली. भूकंपाला सत्तावीस, आज चौऱ्याऐंशी. y = x + 27. हौसाक्कांच्या रेघेच्या वर तीन घरं, आणि शेवटपर्यंत समांतर.

तानूबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "ह्या दोन कुठंच मिळत न्हाईत व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "मागं कितीही जा, पुढं कितीही जा. अंतर तेवढंच."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जवळ हाईत तेवढं बास." दुसऱ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, आचाऱ्याला लाडू किती सांगितलेत. सुभेदारांनी मला डोळ्यांनीच सलाम ठोकला.

नोकरीत मी शेकडो पोरांना दहावीच्या गणितातून पार केलं. काही इंजिनिअर झाली, त्यांचे दिवाळीला निरोप येतात. आता मोबाईलमध्ये समीकरण घातलं की रेघ आपोआप येते म्हणे. येऊ देत. पण कागद डावीकडं वाढवायची अक्कल त्या यंत्राला कोण देणार, एवढी चुटपुट मला आहे. काही पोरांना तर मी रेघ शिकवली पण रेघेमागचं माणूस शिकवायला वेळच पुरला नाही. तेही राहून गेलं.

कार्यक्रमाला मी गेले. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. माझं ताट सुभेदारांनी कांदा-लसूण न घालता वेगळं करून ऊन असतानाच वाढायला लावलं. मांडवात दोन पाट शेजारी शेजारी होते. मांडवाच्या खांबाला दोन्ही नातींनी तो चिकटवलेला आलेख टाचणीनं लावला होता आणि येणारी पाहुणेमंडळी तो पंचांग बघावं तशी बघत होती. ओवाळणं आधी तानूबाईंचं झालं. फौजेतला नातू ताम्हण धरून उभा होता.

मग हौसाक्का आपल्या पाटावरून उठल्या. गुडघे दुखत होते, सानिका हात द्यायला पुढं झाली तर तिला त्यांनी मागं सारलं. त्या जावेच्या समोर आल्या आणि सगळ्या गावासमोर वाकल्या. तानूबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या पुसतही नव्हत्या.

"पाया पड आक्का," त्या म्हणाल्या, "पर चावू नगंस."

हौसाक्का वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "कशानं चावू गं? दात कुठं ऱ्हायल्यात?"

दोघी हसायला लागल्या, आणि हसताना दोघींच्याही तोंडात पुढचा एकही दात दिसत नव्हता.